नऊ नंबरचा डोळा

मला एका जागी स्वस्थ बसवत नाही, हे माझ्या आईचं माझ्याबद्दलचं जुनं गाऱ्हाणं. जेवताना माझा पाय हलतो, वाचताना मान हलते, रांगेत उभी राहिले की पुढच्याला दोनदा विचारते, काय झालं, का थांबली रांग. अशा माणसाला नशिबानं काम कोणतं मिळावं? तर समोरच्याला दिवसभर "हलू नका" म्हणण्याचं.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात नेत्र सहायक म्हणून लागले होते. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, पण आमच्या शिबिरांना जुनाच नकाशा चालायचा. नागभीडपासून अहेरीपर्यंत जिथे बोलावतील तिथे आमची जीप जायची, आणि डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर असायचा. धक्का कॅमेऱ्याला बसू द्यायचा नाही, मला बसला तर चालेल, अशी आमच्या डॉक्टर बाईंची आज्ञा होती. त्या नेत्रतज्ज्ञ, बोलायला फटकळ, हाताला मऊ. मी त्यांना घाबरायचे आणि त्यांच्यासारखं व्हावं असंही मला वाटायचं.

त्या कॅमेऱ्याला हिरवी काच लावायची सोय होती. डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी केली, हिरव्या उजेडात फोटो काढला आणि काळी-पांढरी फिल्म धुतली की डोळ्याच्या पडद्यावरचे नसेचे धागे दिसायचे. तेल लावून नुकतीच फणी फिरवलेल्या केसांसारखे बारीक, चकचकीत धागे वरून आणि खालून वळण घेत एका गोल चकतीत शिरायचे. तिथून पुढे ते मेंदूकडे जातात. काचबिंदू झाला की हे धागे मरतात आणि त्या जागी काळसर पट्टा दिसतो. गंमत अशी, की माणसाला पुष्कळ दिवस पत्ताच लागत नाही. समोरचं स्पष्ट दिसतं, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, आणि कडेची नजर मात्र गुपचूप जात असते. गेलेली परत येत नाही. असलेली तेवढी वाचवायची.

पण हा काळसर पट्टा ओळखायला सरावलेला डोळा लागतो आणि असे डॉक्टर आमच्या भागात बोटावर मोजण्याइतके. म्हणून नागपूरच्या एका कॉलेजातल्या इंजिनिअर सरांनी ठरवलं, की हे काम कॉम्प्युटरनं करायचं. सर पुण्याकडचे, शांत, मला दर वेळी "बसा ना" म्हणायचे आणि मी बसायचे नाही. त्यांची रीत साधी होती. आमचे फोटो कॉम्प्युटरला दाखवायचे. त्यानं ती गोल चकती शोधायची, तिच्याभोवती ठरावीक अंतरावर एक कडं काढायचं आणि त्या कड्यावर कुठे किती उजळ आहे ते मोजत जायचं. धागे दाट असतील तिथे उजेड जास्त. मग कागदावर एक रेघ उमटायची, तिला दोन उंचवटे, एक वरच्या धाग्यांचा, एक खालच्या. उंचवटा बसला असेल तर त्या माणसाला पुढे तपासायचं. एका डोळ्याचा हिशेब लावायला त्या यंत्राला आमचा चहा होऊन कप धुऊन व्हायचे, तरी मला ते अद्भुतच वाटायचं.

अडचण एकच होती. उंचवटा किती खाली गेला म्हणजे आजार म्हणायचा? त्यासाठी आधी निरोगी डोळे हवेत, आणि तेही पन्नाशीच्या पुढचे, कारण वयानंही धागे विरळ होतात. सर म्हणाले, "निरोगी डोळ्यांमध्ये जो सगळ्यांत खालचा असेल, ती आपली सीमा. तिच्याखाली गेला तो संशयित."

आता निरोगी माणूस दवाखान्यात कशाला येईल? शिबिरात येणारा प्रत्येक जण काहीतरी दुखतं म्हणूनच आलेला. औषध घातलं की अर्धा दिवस धुरकट दिसतं, उन्हात डोळे उघडवत नाहीत. दुसऱ्याच्या कामासाठी हे कोण सोसणार? मी चौकात ओळखीच्यांना विनवण्या केल्या. एक जण म्हणाला, "बाई, चांगल्या डोयात औषध कायले घालू?" त्याचं खरंच होतं. शेवटी आम्ही सगळ्यांनी तेच केलं जे आमच्याकडे प्रत्येक अडलेल्या कामात करतात. घरची माणसं आणली. कोणी काका आणला, कोणी सासू. मी माझ्या बाबांना आणलं.

माझे बाबा लाल गाडीचे ड्रायव्हर. चंद्रपूरहून मूल, गडचिरोली करत अहेरीला जाणारी गाडी त्यांची. आमच्या वस्तीत स्टिअरिंग हाती धरणारे ते पहिले. दसऱ्याला वस्ती नागपूरला जायला निघायची तेव्हा खास गाडीवर ड्रायव्हर म्हणून बाबाच हवेत असा हट्ट असायचा, आणि त्या दिवशी ते पांढरा सदरा घालून असे काही बसायचे की वाटावं, गाडी नाही, सगळी वस्तीच तेच हाकतायत. इतक्या वर्षांत कधी कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही, हे ते चहा पिताना, पान खाताना, कोणी विचारो न विचारो, सांगायचे. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

त्यांनी तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली, वर मला म्हणाले, "अजून बारीक हाये का?" मी हसले. फोटो काढले. रजिस्टरात नावापुढे नंबर घालायचा असे, कारण सरांकडे नावं जात नसत, फक्त नंबर जात. बाबांना नऊ नंबर आला. पुढे एक रकाना होता, डॉक्टरांनी तपासलं का. डॉक्टर बाई त्या दिवशी ऑपरेशनच्या शिबिराला गेल्या होत्या. मी विचार केला, ड्रायव्हर माणूस, शेवटची ओळ वाचतो, माझा बाप आहे, याच्या डोळ्याला काय धाड भरलीय? रकान्यात बरोबरची खूण केली आणि चिठ्ठीवर लिहिलं, निरोगी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तो दिवा मीच लावला होता.

सरांनी एकदा म्हटलंही, "नऊ नंबरचा डोळा जरा वेगळा आहे. पण निरोगी माणसांतही फरक असतोच." मला त्यात चक्क अभिमान वाटला. माझ्या बाबांचा डोळाही इतरांसारखा नाही!

धानोऱ्याच्या शिबिरात एक म्हातारा आला. तेंदूपत्ता आणि मोह गोळा करणारा, उंच, अंगानं काटक. खोलीत शिरताना उंबऱ्याला अडखळला, मग स्टुलाला, मग कॅमेऱ्याच्या वायरीला. मी ओरडले, "भाऊ, पाहून चाला ना!" तो म्हणाला, "पाहूनच चालतो बाई. समोरचं झाड दिसते, त्याची मुळी नाई दिसत. पायाखालचं कोणी काढून नेल्यासारकं झालं."

त्याचे फोटो नागपूरला गेले. उत्तर आलं, दोन्ही डोळे सीमेच्या आत. म्हणजे ठीक. डॉक्टर बाईंनी तो कागद वाचला आणि टेबलावर आपटला. त्यांनी म्हाताऱ्याला समोर बसवून स्वतःची बोटं खालच्या बाजूला हलवून पाहिली होती, त्याला ती दिसत नव्हती. डोळ्यातला दाबही वाढलेला होता. डोळ्यात सगळं उलटं उमटतं, त्यामुळे वरचे धागे मेले की खालचं दिसेनासं होतं. "त्या यंत्राला विचारून ये," मला म्हणाल्या, "की हा माणूस ठीक कसा."

मी नागपूरला गेले. सरांनी म्हाताऱ्याची रेघ पडद्यावर आणली. वरचा उंचवटा जवळजवळ सपाट होता. त्यावर त्यांनी सीमेची रेघ आणली, ती त्याहूनही किंचित खाली. मग त्यांनी एक-एक निरोगी डोळा काढून बघितला. सगळ्यांचे दोन-दोन उंचवटे नीट होते, फक्त एका माणसाच्या दोन्ही डोळ्यांत वरचा उंचवटा बसलेला होता आणि सीमा त्याच्यावरूनच ठरली होती. उजवा जास्त, डावा थोडा कमी.

"नऊ नंबर," सर म्हणाले. "हे निरोगी वाटत नाहीत. कोण आहेत हे?"

रजिस्टर माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. मी म्हटलं, "बघून सांगते, सर."

आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न सांगता खुर्चीवर बसले.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात दाढी करत होते. आरशात बघून रेघ न रेघ नीट काढत होते. उठताना त्यांचा पाय तांब्याला लागला आणि पाणी सांडलं. आई आतून म्हणाली, "लाथाडला वाटते आजबी." आमच्या घरात हा रोजचा विनोद होता. बाबा घाईचे, पायाखाली बघत नाहीत, असं आम्ही सगळे म्हणायचो, मी तर त्यांची चालून नक्कलसुद्धा करायचे. त्या दिवशी मी सांडलेलं पाणी पुसायला बसले आणि तांब्या उचलून भिंतीकडेला ठेवला.

त्यानंतर अकरा दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही.

या अकरा दिवसांची मला अजून चीड येते. मी झोपत नव्हते असं नाही, जेवत नव्हते असंही नाही; पण भांडं घासायला घेतलं की अर्ध्यात टाकून केर काढायचे, केर टाकून दारात यायचे. आईनं विचारलं, "काय शोधून राह्यली?" मी म्हटलं, काही नाही. जेवताना मी बाबांच्या ताटाच्या अलीकडे हळूच वाटी सरकवायचे आणि बघायचे, त्यांना कळतं का. कधी कळायचं, कधी हात थेट वाटीत जायचा. मग ते माझ्याकडे बघून हसायचे, आणि मला वाटायचं ताट उलथून द्यावं आणि ओरडावं.

मनात वकील आणि न्यायाधीश दोन्ही मीच होते. वकील म्हणायचा, इतक्या वर्षांत कोंबडीसुद्धा चिरडली नाही ना? रस्ता त्यांना पाठ आहे. ते वळणावळणावर हॉर्न वाजवतात, हळू चालवतात. आज सांगितलं तर उद्या गाडी सुटेल, त्यांना डेपोत कुठेतरी स्टुलावर बसवतील, आणि स्टुलावर बसलेले बाबा मला डोळ्यांसमोर आणवत नव्हते. आपलेच दात, आपलेच ओठ. न्यायाधीश फारसं बोलायचा नाही. तो फक्त शाळा सुटल्यावर मूलच्या रस्त्यावर पळत येणारी पोरं आणि गाडीच्या पुढ्यात घुसणाऱ्या शेळ्या दाखवायचा. ती सगळी कमरेखालच्या उंचीची.

तिकडे सरांनी दोनदा निरोप पाठवला. मी कळवलं, रजिस्टर जुन्या कपाटात आहे, शोधते आहे. नऊ नंबर काढून टाकायचा की ठेवायचा, ते माणूस कळल्याशिवाय कसं ठरवायचं, म्हणून सर थांबले होते. ते थांबले होते, पण त्याआधी गेलेल्या कागदांवर ज्यांना "ठीक" म्हणून कळवलं होतं ते सगळे आपापल्या गावी निश्चिंत बसले होते.

अकराव्या दिवशी सकाळी धानोऱ्याचा म्हातारा ऑपरेशनसाठी चंद्रपूरला आला. मी त्याच्या डोळ्यात थेंब घालत होते. तो मान मागे टाकून म्हणाला, "बाई, माह्यासोबत आमच्या गावचे अजून चार जण फोटो काढून गेले होते. त्यायले तुमच्या मशीननं बरं सांगतलं. मलेबी बरंच सांगतलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग त्यायचं कसं?"

त्यानं ते रागानं विचारलं नाही. दुकानात भाव विचारावा इतक्या सहज विचारलं. मी थेंबाची बाटली खाली ठेवली आणि सरळ डॉक्टर बाईंच्या खोलीत गेले. रजिस्टर त्यांच्यापुढे उघडलं आणि नऊ नंबरवर बोट ठेवलं. त्यांनी नाव वाचलं, रकान्यातली माझी खूण बघितली, मग मला बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्या म्हणाल्या, "ते आज ड्यूटीवर आहेत का?" सुट्टी होती. "मग आत्ता घेऊन ये. आणि नागपूरला मी कळवते. ज्यांना ज्यांना ठीक म्हणून कळवलंय त्या सगळ्यांना परत बोलवायचं."

घरी जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं. कॉम्प्युटरपासून सुरुवात केली, कारण त्यांच्या डोळ्यापासून करायचं धाडस होत नव्हतं. रेघा, उंचवटे, सीमा. त्यांनी मध्येच थांबवलं. "सरळ सांग. माह्या डोयाले काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी टोपी घेतली, चप्पल पायानं चाचपडली आणि निघाले.

डॉक्टर बाईंनी दाब मोजला, थेंब घातले, आत बघितलं, बोटं हलवून बघितली. बाबा "दिसते" म्हणत, आणि बोटं खाली उतरली की गप्प होत. दर वेळी थोडं जास्त ऐकावं तशी मान पुढे करत. शेवटी बाईंनी सरळ सांगितलं, की उरलेली नजर औषधानं आणि लागलं तर ऑपरेशननं टिकवता येईल, गेलेली येणार नाही, आणि गाडी आजपासून बंद. बाबांनी हात जोडले. "बरं झालं सांगतलं बाई," एवढंच म्हणाले. कोणी आपल्या नोकरीबद्दल सांगतंय असा त्यांचा चेहराच नव्हता.

मग आम्ही दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. थेंबांमुळे त्यांना उजेड सहन होत नव्हता, ते डोळे बारीक करून समोर बघत होते. मी बडबडायला लागले. डेपोत मी येते तुमच्यासोबत, अर्ज मी लिहिते, हलकं काम मिळेल, तीन वर्षं काय अशी जातील. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुले हे कवा समजलं?"

खोटं बोलता आलं असतं. सकाळीच, असं म्हणता आलं असतं.

"अकरा दिवस झाले, बाबा."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. ड्रायव्हर माणसाला फेऱ्यांवरून दिवस कळतात. मोजून झाल्यावर ते म्हणाले, "तं त्या शनिवारी तुले माहीत होतं."

हे मी आतापर्यंत लिहिलं नाही, कारण लिहवत नव्हतं. त्या शनिवारी मी गडचिरोलीला फिल्म आणायला गेले होते. परतायला गाडी बाबांचीच होती. ती स्टँडवर शिरताना दिसली आणि मी पाण्याच्या टाकीकडे वळून पाठ करून उभी राहिले. लोक चढले, बायका, पोरं, तांदळाची पोती. घंटी वाजली. गाडी गेल्यावर मी वळले आणि दीड तास थांबून मागच्या गाडीनं आले. मी तेव्हा मनाला सांगितलं होतं, की त्यांच्याकडे बघितलं तर मला रडू येईल, म्हणून बसले नाही.

"मले समोरचं दिसते ना," बाबा म्हणाले. "टाकीपाशी उभी होती तू. आवाज देणार होतो. मंग वाटलं, पोरगी आता साहेब लोकायत राहते, ड्रायव्हर बापाची लाज वाटत असन. मी कंडक्टरले म्हटलं, चाल, घंटी मार."

मी म्हटलं, "लाज नव्हती बाबा, खरंच नव्हती."

"हाव. आता समजलं." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, थेंबांमुळे पाणी येत होतं, की कशामुळे, मला कळलं नाही. "लाज असती तं बरं होतं, बाई. तू नाई बसली, पण गाडी भरून माणसं होती मागं."

माझा पाय हलत नव्हता, हातही नाही. थेंबांमुळे त्यांना जवळचं सगळं धुरकट दिसत होतं, त्यामुळे माझा चेहरा त्यांना दिसणार नव्हता. आणि त्या क्षणी मला त्याचं बरं वाटलं.